नऊ नंबर हो म्हणतो

घरात सून आणि ऑफिसात मॅडम, अशी वाटणी पहिल्याच दिवशी झाली होती, आणि ती सासऱ्यांनीच केली होती. फाटकात पाऊल टाकलं की नातं बाहेर ठेवायचं, चपला ठेवतात तसं. "आत गेलं की मी लॅबवाले काका आणि तुम्ही मॅडम," त्यांनी बजावलं होतं. "उगाच लोकांनी म्हणायला नको, की सासऱ्यानं सुनेला चिकटवली." खरं तर तिला कुणी चिकटवलं नव्हतं. ती रीतसर मुलाखत देऊन लागली होती, आणि त्या दिवशी सासरे मुद्दाम रजा टाकून घरी बसले होते. पण लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार, म्हणून तिनं मान डोलावली.

परिणाम असा झाला, की सकाळी साडेसातला "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलाय बघ गं" म्हणणारा माणूस साडेनऊला कोरड्या आवाजात "मॅडम, लॅबची किल्ली हवी असेल तर वहीत सही करा" असं म्हणू लागला. दोघं एकाच बसनं जायची. शेवटून दुसऱ्या थांब्यापर्यंत सासरे गप्पा मारायचे, मग एकदम खिडकीबाहेर बघायला लागायचे. त्या मधल्या थांब्यावर नक्की कोणतं नातं चालू असतं हे तिला कधीच कळलं नाही.

कंपनीचं काम समजायला अवघड नव्हतं. सांगणारे अवघड करून सांगतात, एवढंच. मोठमोठ्या संस्थांकडे शेकडो सर्व्हर असतात, लोखंडी मांडण्यांवर एकावर एक रचलेले. एखादा बंद पडला की त्याला उठवायला दर वेळी माणूस कुठे धाडणार? म्हणून प्रत्येकाच्या पोटात एक छोटा कंट्रोलर बसवलेला असतो. सर्व्हर गाढ झोपला तरी हा जागा. त्याला दुरून निरोप धाडायचा, "बाबा रे, उठव त्याला," की तो आतल्या आत बटण दाबतो आणि "उठवला" म्हणून उलट निरोप देतो. असे शेकडो निरोप आपोआप धाडणारं सॉफ्टवेअर ही कंपनी बनवायची. थोडक्यात, उंटावरून शेळ्या हाकायचा धंदा. फरक एवढाच, की या शेळ्या हालायच्या.

आता हे सॉफ्टवेअर तपासायला शंभर सर्व्हर विकत कोण घेणार? त्यावर तोड अशी, की एकाच दांडग्या सर्व्हरच्या आत दहाबारा खोटे सर्व्हर मांडायचे. त्यांना आभासी मशीन म्हणतात. पण खोट्या सर्व्हरला पोट नसतं, तर पोटात कंट्रोलर कुठून येणार? मग प्रत्येकाला एकेक खोटा कंट्रोलर जोडून द्यायचा. सगळी भातुकलीच. आणि ही भातुकली गेली नऊ वर्षं काका एकहाती मांडत होते. दोन बोटांनी टाइप करत, एकेक आज्ञा तीनदा वाचून. बारा मशीन हवी म्हटलं की दोन दिवस लागायचे, आणि त्या दोन दिवसांत लॅबमध्ये कुणी मोठ्यानं शिंकलेलंही त्यांना चालायचं नाही. वयानं निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. दर वर्षी एकेक वर्षाची मुदतवाढ मिळायची.

या भातुकलीवर नजर पडली ती साहेबांची. साहेबांना पाठीमागे सगळे कंदील म्हणत, कारण पडद्यावर हिरवी खूण दिसली की त्यांचा चेहरा उजळायचा आणि लाल दिसली की विझायचा. मधला रंग त्यांना ठाऊक नव्हता. त्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर एक पाटी होती: "जे फाइलमध्ये नाही, ते नाही." कागद नावाच्या वस्तूवर त्यांचा राग होता. कुणी कागद दिलाच तर ते तो चिमटीत धरून टेबलाच्या खालच्या खणात सोडायचे. खण लावून घेतला, की विषय संपला.

"मॅडम," साहेब म्हणाले, "हे हातानं मांडणं बंद. किती मशीन हवी, कुठल्या पत्त्यावर कुठला कंट्रोलर हवा, हे सगळं एका फाइलीत लिहा. काय हवं ते आपण लिहायचं, कसं करायचं ते प्रोग्रॅम बघेल. एक कळ दाबली की बारा उभी, दुसरी दाबली की बारा गायब. तीन आठवडे आहेत. त्या शुक्रवारी ग्राहक बघायला येणार आहेत आणि त्याच शुक्रवारी तुमचे उमेदवारीचे सहा महिने संपतात. झालं तर तुम्ही कायम. नाही झालं तर..." त्यांनी विझून दाखवलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि हे झालं की लॅबला माणूस लागणार नाही. काकांची मुदतवाढ या महिन्यात संपते. पुढे द्यायची नाही असं ठरतंय. अजून कुठे बोलू नका."

साहेबांना नातं माहीत नव्हतं असं नाही. पण ते फाइलमध्ये नसल्यामुळे त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

ती जागेवर येऊन बसली. फाइल जमली तर बाबा घरी बसणार, नाही जमली तर ती घरी बसणार. म्हणजे काहीही झालं तरी त्या घरातलं एक माणूस घरी बसणार हे नक्की होतं, आणि कोण बसणार ते तिच्या हातात होतं. इकडे आड तिकडे विहीर ही म्हण तिनं शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली होती. त्या वेळी दहापैकी दहा मिळाले होते.

संध्याकाळी तिच्यानं जेववेना. सासूबाईंनी दोनदा विचारलं, "डोकं दुखतंय का?" तिसऱ्यांदा त्यांनी न विचारता ताट उचललं. नवरा परगावी कामाला होता आणि फोनवर हो-हो म्हणण्यापलीकडे त्याचा उपयोग नव्हता. तेवढ्यात सासरे आले आणि तिच्यासमोर त्यांनी आपली वही ठेवली. खाकी कागदाचं कव्हर घातलेली, जाडजूड. ऑफिसात ही वही ते कुणाला दुरूनही दाखवत नसत.

"घे," ते म्हणाले. "नवं काम आलंय ना तुझ्याकडे? सगळे पत्ते यात आहेत. अडलं तर विचार."

तिला रडूच यायला लागलं. या भोळ्या माणसाला काय माहीत, की तो स्वतःच्या हातानं कुऱ्हाड देतोय! तिनं वही घेतली आणि "थँक्यू बाबा" इतकंच म्हणाली.

वहीचा पुढचा अर्धा भाग पत्त्यांचा होता, सुबक, रेघा मारलेला. मागचा अर्धा भाग म्हणजे शेरेच शेरे. लॅबमध्ये कधीकाळी खरेखुरे जुने सर्व्हर होते, आणि त्यांच्याविषयी काकांनी वर्षानुवर्षं लिहून ठेवलं होतं. "चार: पहिल्या हाकेला ओ देत नाही." "अकरा: दुपारी तापला की रुसतो. पाणी पिऊन यावे." तिनं दोन पानं चाळली, हसली आणि मिटली. ती मशीन भंगारात जाऊन सहा वर्षं झाली होती. मेलेल्यांच्या तक्रारींचं काय करायचं? तिनं पुढचा अर्धा भाग घेतला आणि मागचा सोडला. चूक झाली ती इथेच, पण तेव्हा ती चूक दिसत नव्हती. उलट वेळ वाचल्यासारखं वाटत होतं.

दहा दिवसांत फाइल उभी राहिली. पहिल्यांदा कळ दाबली आणि चहाचा कप अर्धा व्हायच्या आत बाराच्या बारा खोटे सर्व्हर आपापल्या खोट्या कंट्रोलरसकट हजर. साहेब खुर्चीतून उठून नाचायचेच बाकी होते. फाइलीचा नियमही पाटीसारखाच होता: जे लिहिलंय ते उभं करायचं, आणि जे लिहिलेलं नाही ते दिसलं तर झाडून टाकायचं. त्या झाडण्यात दोन मशीन गेली, जी यादीत नव्हती. त्यातल्या एकावर काका जेवणाच्या सुट्टीत एकट्यानं पत्ते खेळायचे. सात वर्षांचे डाव होते, सगळे जिंकलेले, कारण हरलेले ते ठेवत नसत.

"मॅडम," काका लॅबच्या दारात येऊन म्हणाले, "माझ्या मशीनचं काय झालं?"

"काका, ते फाइलमध्ये नव्हतं."

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि गेले. त्या दिवशी घरी जेवताना त्यांनी फक्त मीठ मागितलं.

मग चाचण्या सुरू झाल्या. वरच्या मजल्यावरच्या दोन प्रोग्रॅमरांनी आपलं सॉफ्टवेअर या बारांवर सोडलं. ऊठ म्हटलं की बारा उठत. झोप म्हटलं की बारा झोपत. शंभर वेळा केलं, हजार वेळा केलं, पडदाभर हिरवंगार. साहेबांचा चेहरा इतका उजळला, की खोलीतले दिवे घालवले असते तरी चाललं असतं.

काका तिच्या खुर्चीमागे उभे राहून बघत होते. "फारच शहाणी मुलं आहेत," ते म्हणाले. "इतकी शहाणी मुलं कुणाच्या घरात असतात हो, मॅडम?"

तिला वाटलं, पत्त्यांचा राग बोलतोय.

पण बुधवारी साहेबच विझलेले आले. येणाऱ्या ग्राहकांची तक्रार जुनी होती: तुमचं सॉफ्टवेअर आमच्याकडे मधेच अडकून बसतं, रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा. का अडकतं ते शुक्रवारी दाखवा, नाहीतर आम्ही दुसरीकडे जातो. आणि इथे तर काही केल्या अडकत नव्हतं! दोन्ही प्रोग्रॅमर बुधवारभर प्रयत्न करत होते. बारा आज्ञाधारक मशीन, चुकून एकानं वाकडं पाऊल टाकलं असेल तर शपथ. आयुष्यात पहिल्यांदा साहेब हिरव्या खुणेकडे बघून घाबरले.

"मॅडम, तुमच्या या भातुकलीत ग्राहकांचा रोग दिसतच नाही," ते म्हणाले. "शुक्रवारी यांना काय दाखवू, आम्ही ठणठणीत आहोत म्हणून? कायम करायचं बाजूलाच राहिलं."

ती घरी आली ती हरूनच. आणि खरं सांगायचं तर आत कुठेतरी तिला जरा सुटल्यासारखंही वाटलं. नाही जमलं तर बाबांची खुर्ची वाचेल. मग लगेच स्वतःच्या खुर्चीची आठवण झाली आणि सुटकेवर पाणी पडलं.

गुरुवारी सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर उठून स्वयंपाकघरात आली. सासूबाई टेबलाशी बसून मटार सोलत होत्या. त्यांनी मान न वळवता हाक मारली, "अहो, उठलात का?"

"उठलो!" आतून आवाज आला. जागा, ठणठणीत, कर्तव्यदक्ष आवाज.

तिनं सासऱ्यांचा कप घेतला आणि चहा ओतायला लागली.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "ओतू नकोस. साय धरेल."

"उठले ना पण?"

"उठलो म्हणाले. उठले नाहीत. म्हणणं वेगळं, उठणं वेगळं. मधे दहा मिनिटं असतात. लग्न झालं तेव्हा मीही तुझ्यासारखीच, हो म्हटलं की चहा ओतायची आणि कप धरून उभी राहायची. कितीदा तर वाट बघून बघून ऑफिसची बस गेली. आता मी काय करते, हो म्हटलं की दहा शेंगा सोलते आणि जाऊन बघते. पाय जमिनीला लागलेले दिसले की मगच चहा. नाही दिसले तर परत हाक."

सून किटली हातात धरून तशीच उभी राहिली. "आई, परत सांगा."

"काय परत सांगू? तुझे सासरे कुंभकर्ण आहेत हे?"

"नाही, ते हो म्हणतात पण उठत नाहीत, ते."

किटली तिनं जिथे हात गेला तिथे ठेवली आणि धावत जाऊन वही आणली. मागचा अर्धा भाग. एक, चार, सात... सापडलं. "नऊ: हो म्हणतो. उठत नाही. दीड मिनिटानं जाऊन बघावे. नसेल तर पुन्हा सांगावे."

ग्राहकाकडचा रोग तो हाच. त्यांच्याकडचा एखादा खरा कंट्रोलर "उठवला" म्हणून मोकळा होतो, सर्व्हर अजून लोळत असतो, आणि यांचं भाबडं सॉफ्टवेअर त्याच्यासमोर कामाचं ताट वाढून वाट बघत बसतं. कप धरून उभं. तिचे खोटे कंट्रोलर मात्र हो म्हणण्याच्या क्षणी उठवत होते, कारण फाइलीत तिनं त्यांना कुठली खोडच लिहिली नव्हती. तिनं सर्व्हर मांडले होते, पण त्यांचा स्वभाव मांडायचा राहिला होता.

ती सासऱ्यांच्या दारात जाऊन ओरडली, "बाबा, नऊ नंबर!"

सासरे ताडकन उठून बसले. दोन्ही पाय जमिनीवर.

"अगं बाई," मागून सासूबाई म्हणाल्या, "चाळीस वर्षांत मला हे सुचलं नाही."

ऑफिसला जायला दीड तास होता. ती लॅपटॉप घेऊन टेबलाशी बसली, मटाराची परात बाजूला सरकवली. सासरे बिनचष्म्याचे, वहीकडे न बघताच सांगायला लागले. "चार नंबरला पहिला निरोप पोचतच नाही असं धर. दुसरा पोचतो. सात नंबर काम करतो पण केलं नाही म्हणतो. बंद होईल मुकाट्यानं, विचारलंस तर म्हणेल चालू आहे."

"हे तर माझ्या नणंदेसारखं झालं," सासूबाई म्हणाल्या.

"अकरा नंबर तापला की दोन मिनिटं बोलणं टाकतो. तेव्हा त्याच्यामागे लागायचं नाही, लागलं की पाच मिनिटं टाकतो. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. हे बघ, हे मेले तरी खोड वहीत राहिली."

ती लिहीत होती: नऊ नंबर, उत्तर लगेच, प्रत्यक्ष उठणं नव्वद सेकंदांनी. चार नंबर, पहिला निरोप गिळणे. फाइल भरत चालली आणि तिचा हात जड होत चालला. आजपर्यंत या माणसाच्या एकट्याच्या डोक्यात जे होतं ते ती ओळीओळीनं बाहेर काढत होती. हे संपलं की यांची कुणाला गरज? शेवटी तिच्यानं राहवेना.

"बाबा, एक सांगायचं होतं. हे जमलं ना, की साहेब तुम्हाला..."

"अकरा नंबर लिहिलंस का?"

"लिहिलं. बाबा, ऐका ना..."

"पाच मिनिटंही लिही. ती विसरतात लोक," सासरे म्हणाले आणि आंघोळीला गेले.

दुपारपर्यंत लॅबमध्ये आनंदीआनंद झाला. सॉफ्टवेअर नऊ नंबरपाशी असं अडकलं, की प्रोग्रॅमर एकमेकांना टाळ्या द्यायला लागले. संध्याकाळपर्यंत त्यांनी औषधही काढलं: हो म्हणाला तरी जाऊन बघायचं, पाय जमिनीवर दिसले नाहीत तर परत हाक मारायची. साहेबांना सांगायला गेले तर साहेब डोकं दुखतंय म्हणून घरी गेलेले.

शुक्रवारी सकाळी सासऱ्यांच्या खांद्याला मोठी कापडी पिशवी होती, रिकामी. "काय आणायचंय, बाबा?" तिनं बसमध्ये विचारलं. "काही नाही," म्हणून ते खिडकीबाहेर बघायला लागले, नेहमीपेक्षा चार थांबे आधीच.

ग्राहकांकडून ज्या बाई आल्या त्या त्यांच्या मशीनरूमच्या प्रमुख होत्या. पायात बूट, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा, चेहऱ्यावर "दाखवा काय ते" असा भाव. साहेबांना कालचं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं कळ दाबली, बारा उभी राहिली, जुनं सॉफ्टवेअर त्यांच्यावर सोडलं. एक हिरवा. दोन हिरवा. चार नंबर लाल. सात लाल. नऊ नंबरनं हो म्हटलं आणि सगळं ठप्प.

साहेबांचा चेहरा पाहवेना. त्यांनी टेबलाची कड धरली. "बाई, हे आमचं नेहमी असं नसतं..."

"गप्प बसा हो!" बाई खुर्चीच्या टोकावर आल्या होत्या. "हेच! अगदी हेच! हा आमच्या खालच्या मजल्यावरचा तिसरा, थेट तोच! दीड वर्षं मी सांगतेय तुम्हाला, की तो हो म्हणतो आणि उठत नाही, आणि तुमची माणसं मला म्हणतात, असं होत नसतं!"

मग तिनं नवं सॉफ्टवेअर सोडलं. ते नऊ नंबरपाशी थांबलं, दीड मिनिटानं जाऊन बघून आलं, परत हाक मारली, पुढे गेलं. अकरा नंबर रुसला तर त्याच्या वाटेला गेलं नाही. शेवटी बाराही हिरवे. साहेब हळूहळू पेटले.

"या खोडी कुणी लिहिल्या?" बाईंनी विचारलं. "हे पुस्तकात मिळत नाही. ज्यानं वर्षंच्या वर्षं या मेल्यांच्या उशाशी बसून काढलीत, त्यालाच ठाऊक असणार. आमच्याकडे असे चाळीस आहेत. तो माणूस मला हवा, महिन्यातून चार दिवस. तरच करार पुढे."

तिनं मागे वळून बघितलं. काका दारापाशी उभे होते. खांद्याला तीच पिशवी, आता भरलेली. वर त्यांचा चहाचा मग आणि खुर्चीवरची उशी दिसत होती.

"काका!" साहेब उत्साहानं म्हणाले. "तुमची मुदतवाढ पक्की. एक वर्ष काय, दोन घ्या! हे मी आधीपासून म्हणतच होतो."

"साहेब, आज माझा शेवटचा दिवस," काका म्हणाले. "तीन आठवड्यांपूर्वी तुम्हाला पत्र दिलंय ना?"

"कुठलं पत्र?"

मग साहेबांनाच आठवलं. त्यांनी आपल्या खोलीत जाऊन खालचा खण उघडला. आतला एकेक कागद बाहेर यायला लागला तसे सगळे गोळा झाले: दोन लग्नपत्रिका, एक दाखला, आणि एक पांढरं पाकीट, न फोडलेलं. साहेबांनी ते चिमटीत धरलं आणि काय करावं न सुचून तिच्या हातात दिलं.

तिनं पत्र उघडलं. तारीख त्याच दिवसाची, ज्या दिवशी तिला काम मिळालं होतं, ज्या संध्याकाळी वही समोर आली होती. म्हणजे वही देतानाच त्यांना सगळं ठाऊक होतं. आणि ती समजत होती, भोळा माणूस. पत्र चार ओळींचं होतं. "माझ्या मुदतवाढीचा विचार करू नये. मी तीन आठवड्यांनी काम थांबवीत आहे. लॅबची वही सूनबाईंकडे", आणि इथे 'सूनबाई' हा शब्द नीट पट्टीनं खोडून वर 'मॅडम' लिहिलं होतं, "मॅडमकडे दिली आहे. त्यांच्या कामामुळे कुणाला काढावं लागलं, असा सल त्यांना राहू नये, म्हणून मी स्वतःच निघत आहे."

तिला अक्षरं दिसेनाशी झाली. तीन आठवडे हा माणूस तिला पत्ते सांगत होता, खोडी सांगत होता, मीठ मागत होता, आणि तिला काही सांगू देत नव्हता. आणि तिनं त्याचे सात वर्षांचे डाव झाडून टाकले होते. तिनं ओढणीनं नाक पुसलं आणि भिंतीवरच्या पाटीकडे बघितलं.

"साहेब," ती म्हणाली, "हा राजीनामा फाइलमध्ये आहे का?"

साहेबांनी पाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग बाईंच्या किल्ल्यांकडे. "नाही," ते म्हणाले.

"मग तो नाहीच."

"नाहीच," साहेब म्हणाले. आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला, की जणू हे त्यांनाच सुचलं होतं.

काका मात्र पिशवी सावरत जिन्याकडे निघाले होते. कान लाल झाले होते, तिथून दिसत होते. पत्र सगळ्यांसमोर उघडलं गेलं ते त्यांना आवडलं नव्हतं, किंवा फार आवडलं होतं. वरच्या मजल्यावरचे, साहेब, बूटवाल्या बाई, सगळे बघत होते.

"बाबा!" तिनं हाक मारली.

नियम मोडला होता. ते थांबले नाहीत. पुढच्या दोन पायऱ्या उतरलेसुद्धा.

ती जागची हलली नाही. मनातल्या मनात दहा शेंगा सोलल्या आणि मग जिन्याच्या कठड्याशी जाऊन परत म्हणाली, "बाबा."

"ओ," सासरे म्हणाले आणि चहाचा मग जागेवर ठेवायला परत वर आले.